वापरलेली गादी आणि नवें बाळ

ज्या घरांत दोन-तीन बिऱ्हाडें एका चुलीवर नांदतात, त्या घरांत लहान मुलाची म्हणून कोणतीहि वस्तु एकट्याची नसते. थोरल्याचीं झबलीं-टोपडीं धाकट्याच्या अंगावर चढतात, आणि पाळणा तर दर दोन-तीन वर्षांनीं माळ्यावरून खालीं उतरतच असतो. नवजात बाळास प्रथम जुन्या, मऊ झालेल्या वस्त्रांतच गुंडाळावें, अशी आपल्याकडील वृद्ध स्त्रियांची रीत आहे. ह्यांत काटकसर आहे, तसाच जिव्हाळाहि आहे. म्हणूनच वापरलेल्या गादीविषयीं कोणी शंका काढली, तर ती घराच्या रीतीवरच घेतलेली शंका वाटते.

गेल्या उन्हाळ्यांत असाच प्रसंग आमच्या घरीं आला. धाकट्या सूनबाईंचे दिवस भरत आले होते. थोरल्या सूनबाईंनीं आपल्या मुलाची गादी मोठ्या हौसेनें माळ्यावरून काढून उन्हांत टाकली. धाकटीनें भीत भीत विचारलें, "वहिनी, नवी घेतली तर चालेल का ?" एवढ्या एका वाक्यानें घरांत दोन दिवस अबोला झाला, आणि निवाडा आमच्याकडे आला. "ह्याच घरांत पांच मुलें जुन्या गादीवर वाढलीं," हें उत्तर आमच्या ओठांवर आलेंच होतें. परंतु तें तेथेंच थांबलें.

थांबण्याचें कारण जुनें आहे. आमच्या लहानपणीं शेजारच्या घरीं तीन महिन्यांचें एक बाळ रात्रीं दूध पिऊन निजलें, तें सकाळीं उठलेंच नाहीं. ताप नव्हता, खोकला नव्हता. त्या माउलीस पुढें जन्मभर लोकांचें बोलणें ऐकावें लागलें. कोणी दृष्टीचें नांव घेई, कोणी तिच्या निष्काळजीपणाचें. वर्षाच्या आंतील निरोगी दिसणारें मूल झोपेंत जावें आणि पूर्ण तपासणीनंतरहि कारण सांपडूं नये, अशा मृत्यूस आज 'आकस्मिक शिशुमृत्यु' म्हणतात. गादीचा प्रश्न ह्या विषयाशीं जोडलेला आहे. म्हणून तो नुसत्या मानापमानाचा मानतां येत नाहीं.

स्कॉटलंडमधील संशोधकांनीं 1996 ते 2000 ह्या काळांत अशा रीतीनें दगावलेल्या 131 बालकांची माहिती घेतली, आणि तिची तुलना त्याच वयाच्या 278 जिवंत बालकांशीं केली. हा वृत्तांत 2002 सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाला. दुसऱ्या मुलानें वापरलेल्या गादीवर नेहमीं निजणाऱ्या बालकांत हा धोका सुमारें तिप्पट आढळला. आणि ती गादी परक्या घरून आलेली असल्यास तो ह्याहूनहि अधिक, जवळ जवळ पांचपट दिसला. मात्र ह्यावरून जुनी गादी हेंच मृत्यूचें कारण ठरतें, असें त्या संशोधकांनीं म्हटलेलें नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं हा भेद फार पूर्वीं सांगून ठेविला आहे. जेथें अग्नि तेथें धूर असतोच असें नाहीं; सरपण ओलें असेल तरच धूर निघतो. ह्या ओलेपणास ते 'उपाधि' म्हणतात. तद्वत् जुनेपणाबरोबर दुसरा एखादा उपाधि लपलेला असूं शकेल : गादी मऊ पडून मध्यें खोलगट झालेली असणें, ती दुसऱ्या पाळण्याच्या मापाची असणें, किंवा तिच्यांत ओल मुरलेली असणें. शोध ह्या दोषांचा घ्यावयाचा आहे.

मध्यंतरीं इंग्लंडांत अशीहि एक भीति पसरली होती कीं, गादींतील रसायनांवर बुरशी वाढते, तिच्यापासून विषारी वायु निघतो आणि त्यानें मुलें दगावतात. लेडी लिमेरिक ह्यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीनें ह्याची कसून तपासणी केली. 1998 च्या तिच्या अहवालांत ह्या तर्कास पुरावा मिळाला नाहीं. तेव्हां त्या भीतीनें गादी प्लास्टिकमध्यें गुंडाळण्याचें कारण नाहीं.

आतां आपली जुनी रीत खोटी होती काय ? नव्हे, वस्तु बदलली आहे. आपली गादी कापसाची असे. पिंजारी दारीं येई, गादी उसवून कापूस पिंजी, खोळ धुऊन निघे आणि सारें पुन्हा भरलें जाई. ती गादी नांवानें जुनी, पण दर वेळीं नवी होत असे. आजची फोमची गादी उसवतां येत नाहीं. तिच्यांत गेलेलें दूध किंवा मूत्र खोल मुरतें. वरून वाळली म्हणून ती आंतून वाळलीच असें नाहीं.

म्हणून वापरलेली गादी पाळण्यांत घालण्यापूर्वीं इतकें पाहावें. तळहातानें दाबून हात उचलावा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. गादी सपाट असावी, आणि तिच्या कडेंत व पाळण्याच्या बाजूंत दोन बोटेंहि शिरूं नयेत. खोळ फाटलेली नसावी, कुबट वास येऊं नये. गादी कोठें व कशी वापरली गेली हें ठाऊक असावें. परक्याकडून आलेली घेऊंच नये. ह्यांपैकीं एकहि गोष्ट उणी असली, तर ती गादी बाद समजावी.

ह्याहूनहि मोठी गोष्ट निजविण्याच्या पद्धतीची आहे. ब्रिटनमध्यें 1991 पासून मुलांस पाठीवर निजविण्याचा प्रचार झाला, आणि असे मृत्यु थोड्याच वर्षांत निम्म्याहून कमी झाले. वर्ष पुरें होईपर्यंत बाळास दर झोपेस उताणें, टणक व सपाट अंथरुणावर निजवावें. तोंडावर पांघरूण येऊं देऊं नये. मऊ गोधडीची घडी, कापडी खेळणीं व उशी, मग ती मोहरीची कां असेना, झोपेच्या वेळीं दूर ठेवावी. निदान पहिले सहा महिने बाळाचें अंथरूण वेगळें, परंतु आईच्याच खोलींत असावें.

आमच्या घरीं निवाडा आम्हांस करावाच लागला नाहीं. थोरल्या सूनबाईंना ही कसोटी समजावून दिली, तेव्हां त्यांनीं स्वतःच गादी दाबून पाहिली. खळगा तसाच राहिला. "मामंजी, ही नकोच," त्या म्हणाल्या, आणि धुऊन ठेवलेल्या दुपट्यांचा गठ्ठा त्यांनीं जावेच्या हातीं दिला. बाळ आतां नव्या गादीवर, थोरल्याच्या दुपट्यांत निजत आहे.

मठाची गादी परंपरेनें चालावी. बाळाची गादी चालविण्याचा आग्रह नसावा. जें धुतां येतें, वाळवितां येतें, तें आनंदानें पुढच्यास द्यावें. आणि इतकी काळजी घेऊनहि एखाद्या घरीं दैव ओढवलें, तर त्या मातेस दोष देऊं नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.