कडप्प्याच्या कपाटाला दारं लावताना

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड. कुठंही जा, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घराच्या बेडरूममध्ये कडप्प्याचं उघडं कपाट बहुतेक असतंच. जुन्या वाड्यांच्या रुंद भिंतींत कोनाडे आणि लाकडी कपाटं मावत. भिंत नऊ इंची विटांवर आली तशी ती सोय गवंड्यानं कडप्पा रोवून भागवली. पडदा लावून वर्षानुवर्षं वापरलेलं हे कपाट फोडायची गरज नसते. थोडं कापून, थोडं जोडून ते चांगलं वॉर्डरोब होतं.

आधी खोली मोजा. हँगरला लावलेला शर्ट आडवा टांगायला साधारण 22 इंच खोली लागते आणि अशी कपाटं बहुधा 18 इंचांच्या आतच असतात. मग रॉड डावी-उजवीकडे न टाकता मागून पुढे घ्यायचा, म्हणजे कपडे दाराकडं तोंड करून लटकतात. उंचीसाठी दोन आडवे कडप्पे काढावे लागतात. 15 इंचांचे तीन खण एक झाले की 45 इंच मिळतात. शर्ट-कुर्त्याला तेवढे पुरे.

काढताना हातोडा मात्र नको. कडप्पा दाबाला भक्कम, पण वाकवलं किंवा हादरा दिला की तडकतो. एक काढायला जाल आणि शेजारचा फुटेल. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून भिंतीलगत कापा आणि आत रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, इंचभर जाड फरशीचं वजन 28 किलोंच्या आसपास भरतं. म्हणून कापण्याआधी खालून लाकडी टेकू द्या आणि दुसरा माणूस हाताशी ठेवा. तोंडाला मास्क हवाच. मधल्या उभ्या कडप्प्याला हात लावू नका; दोन्ही बाजूंचे खण त्याच्यावर टेकलेले असतात.

आता दारं. ती थेट भिंतीला लावायचा मोह आवरा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं घरही थोडं हलतं. त्यामुळं कपाटाचं तोंड क्वचितच काटकोनात सापडतं. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कर्ण मोजा. सगळ्यात कमी मापाची 19 मिलिमीटर प्लायची चौकट बनवून आत बसवा, ओळंब्यात आणा, उरलेल्या फटीत पाचरी ठोका आणि वरून पट्टी मारून झाका. स्क्रूची गिट्टी विटेत जायला हवी. नुसत्या गिलाव्यात बसवली तर दाराच्या वजनानं उपटून येईल. चौकटीचा पाय फरशीला टेकवू नका, खाली कडप्प्याची पट्टी द्या. वाळवी आधी तिथूनच चढते.

दाराला बाहेरून सनमायका लावला की आतूनही लावा. एकाच बाजूला लावलेलं दार कोरड्या उन्हाळ्यात वाकतं आणि मग दोष बिजागरीवर जातो. ऑटो बिजागऱ्या साडेसहा फुटी दाराला चार घ्या. तीनवर भागवणारे सुतार भेटतील, ऐकू नका. ड्रॉवर हवा असेल तर टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंनी 13-13 मिलिमीटर जागा लागते. म्हणजे खोका मोकळ्या मापापेक्षा 26 मिलिमीटर अरुंद. इथं दोन मिलिमीटरची चूकही ड्रॉवर अडकवते.

कपाटाच्या भिंतीला तडा असेल, तर सुताराला सांगण्याआधी त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा ओढा आणि तारीख लिहून ठेवा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टा तुटला, तर आधी घराच्या पायाचं काम करून घ्या, दारं त्यानंतर.