‘पाहुण्यांना त्रास होतो’

आमच्या वडिलांच्या तोंडी ‘हॉटेल’ हा शब्द आला की त्याचा अर्थ एवढाच असे : गावच्या एस.टी. थांब्यासमोरची पत्र्याची चहाची शेड. तिथे आमच्या वस्तीतल्या माणसांसाठी कपबशी वेगळी होती. चहा पिऊन झाला की ती स्वतः विसळायची आणि वळचणीला उपडी ठेवायची. भारतीय संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले हे शब्द का आले, हे आम्ही कायदा महाविद्यालयात शिकण्याच्या कितीतरी आधी त्या उपड्या बशीने शिकवले होते. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही तिथे मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते हे त्याच कलमात पुढे येतात.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे नुकतेच झालेले एक लग्न. आमचे एक स्नेही मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांच्या कन्येचा मंगलपरिणय डहाणूच्या समुद्रकिनारी एका आलिशान हॉटेलात झाला. पाहुण्यांसाठी खोल्या राखून ठेवलेल्या होत्या. आम्हीही दोन रात्री तिथे मुक्काम केला. पांढऱ्याशुभ्र चादरी, पायाखाली मऊ गालिचा, पलंगावर पडल्या पडल्या दिसणारा समुद्र. हिरवळीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा मांडल्या, वऱ्हाडी उभे राहिले, त्रिशरण पंचशील झाले. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या सत्तरी ओलांडलेल्या मावशी डोळ्यांना पदर लावत होत्या. आम्हालाही अभिमान वाटला आणि तो लपवण्याचे कारण नाही. गरिबीचे कौतुक बाबासाहेबांनी कधी केले नाही. आपल्या माणसाने चांगले राहावे, चांगले खावे, चांगले नेसावे, याची लाज आपल्याला कशाला?

उलट त्या खोलीत बसून आम्हाला १९१७ साल आठवत होते. डहाणू रोड स्टेशनवरून जाणाऱ्या याच लोहमार्गाने बाबासाहेब मुंबईहून बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या विद्वानाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी मुसाफिरखान्यात, नोंदवहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिन्यात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होता, त्या दोघांनीही आसरा देण्याचे टाळले. मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ज्या माणसाला मुक्कामाला खोली मिळाली नाही, त्यानेच पुढे या देशाच्या प्रत्येक हॉटेलाचा दरवाजा कायद्याने उघडला. आमच्या खोलीची किल्ली ही त्या पाच तासांची कमाई होती.

पण वाचकहो, दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडले त्याने हा अभिमान थोडा जमिनीवर आणला.

सकाळी सहाच्या सुमारास आम्ही वाळूवर फिरायला निघालो. हॉटेलच्या कुंपणाला लागून, सडकेवरून थेट वाळूत उतरणारी एक अरुंद वाट होती. तिच्या तोंडाशी कुंड्या मांडून दोरी बांधली होती आणि ‘फक्त पाहुण्यांसाठी’ अशी पाटी लावली होती. दोरीपाशी एक तरुण पहारेकरी उभा. आम्हाला पाहून त्याने दोरी उचलली, सलाम केला. एवढ्यात वाळूवरून एक वारली बाई आल्या. डोक्यावर सुरूच्या काटक्यांची मोळी. वय पन्नाशीच्या पुढचे असावे.

पहारेकरी म्हणाला, “मावशी, इकडून नको. तिकडून फिरून जा.”

“रोज इकडूनच जाते ना.”

“माहीत आहे. पण वरून सांगितलंय. पाहुण्यांना त्रास होतो.”

त्या काही बोलल्या नाहीत. मोळी सावरली आणि मागे वळल्या. पुढची वाट बरीच लांब होती.

पाहुणे म्हणजे कोण? पाहुणे म्हणजे आम्ही. आम्हाला त्रास होतो, हे आम्हालाच ठाऊक नव्हते! आमच्या नावाने एका बाईची वाट अडवली गेली आणि आम्ही तिथेच दोन पावलांवर उभे होतो. काळा कोट घालून न्यायालयात तास तास बोलणारे आम्ही, त्या क्षणी तोंडातून शब्द निघाला नाही. शब्द सुचेपर्यंत त्या सुरूच्या झाडांआड गेल्या होत्या.

मग पहारेकऱ्याशी बोललो. तो तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, स्वतः वारली, कंत्राटदाराकडे कामाला. “साहेब, मावशींना मी ओळखतो. पण मी सोडलं तर माझी ड्युटी जाते,” एवढेच तो म्हणाला. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. वेठबिगार करणार नाही असा निर्धार मे १९४५ मध्ये ज्या झरी गावी हजारो वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने केला, ते गाव आज त्याच्याच तालुक्यात आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा त्याच्या कुटुंबाने थंडीत तंबूत रात्री काढल्या, हेही त्याने सांगितले. हॉटेलच्या मागच्या बाजूलाही तंबू होते. त्यात झोपण्यासाठी पाहुणे जास्तीचे पैसे मोजतात.

खोलीच्या दारामागे दरपत्रक लावलेले होते. एका रात्रीचे भाडे नऊ हजारांच्या वर. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे महिनाभर एकही खाडा न करता खणले, तर आमच्या एका रात्रीची झोप विकत येते. ती मोळीवाली बाई त्या दारातून पाहुणी म्हणून कधी येणार? तिला कोणी जात विचारली नाही, हे खरे. विचारण्याची गरजच उरलेली नाही. पूर्वी जात विचारून माणूस बाहेर ठेवत, आता दर सांगून ठेवतात. आणि बाहेर राहणारी माणसे पाहावी तर तीच!

हॉटेलच्या स्वागतकक्षात मात्र वारली होते. अख्खी भिंत गेरूच्या रंगात रंगवून त्यावर पांढऱ्या रेषांत वारल्यांचा लग्नाचा चौक काढलेला. वारली समाजात लग्नघरी हा चौक सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते. याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. आमच्या स्नेह्यांच्या कन्येच्या लग्नात पाहुणे त्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढत होते. भिंतीवर चित्रकाराचे नाव नव्हते. वारल्यांचे लग्न भिंतीवर चालते, वारली बाई वाटेवर चालत नाही, असा हा हिशेब.

आता कायद्याचे बोलू. हॉटेलवाला खोली विकू शकतो, जेवण विकू शकतो, पोहण्याचा तलाव विकू शकतो. समुद्र विकू शकत नाही, कारण तो त्याचा नाही. १९९६ साली हिमाचल प्रदेशातील ब्यास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नदी, समुद्र, किनारा यांसारख्या नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताला ती खासगी चैनीसाठी देऊन टाकता येत नाही. १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने तर हॉटेलांसाठी मापच घालून दिले : दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा हवी, आणि कुंपणाने लोकांची वाट अडता कामा नये. २०११ च्या अधिसूचनेनेही ही अट ठेवली. आम्ही पाहिलेल्या वाटेवर दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नव्हती, आणि तीही दोरीने बंद!

डहाणूचे तर स्थान आणखी वेगळे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. इथली आदिवासी जमीन बिगर आदिवासीच्या नावे सहजी जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आहे. एवढे कायदे राखणीला असताना एक दोरी आणि चार कुंड्या भारी पडतात, याचे कारण कायदा कागदावर आहे आणि दोरी वाटेवर आहे.

आणि न्यायालयात जिंकले म्हणजे वाट मोकळी झाली, असेही नाही. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याचे उदाहरण घ्या. एका बड्या हॉटेलला सरकारने जमीन संपादन करून दिली, तेव्हा १९८३ च्या करारात लोकांची समुद्राकडची वाट खुली ठेवण्याची अट होती. हॉटेलने त्या वाटेवरच बांधकाम केले. सामान्य नागरिक आणि गोवा फाउंडेशनसारखी संस्था वर्षानुवर्षे लढली. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्याचा आदेश कायम केला. पुढे काय झाले? गोवा सरकारने भूसंपादन कायद्यातच दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवले, आणि २०१६ मध्ये ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयात टिकली. जनतेचा विश्वस्तच दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला, तर निकालाचा कागदही थिटा पडतो.

डहाणूच्या किनाऱ्यालाही हा अनुभव नवा नाही. १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने वाढवणचे बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंदराची पायाभरणी झाली. या पट्ट्यातल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. इकडे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, त्यातले काही पाकिस्तानच्या कैदेत अडकतात. समुद्राची जोखीम ज्यांच्या वाट्याला, त्यांच्या वाट्याला समुद्राची वाट नाही. समुद्राचे दृश्य मात्र आमच्या खिडकीला.

शेवटी प्रश्न आपल्याकडेच येतो. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. त्या सकाळी दोरीच्या आतल्या बाजूला उभे राहिल्यावर ती खंत आम्हाला उद्देशून होती, हे कळले. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांसाठी खुल्या कराव्यात असे सांगितले. त्याचा अंमल होईना म्हणून १९२७ मध्ये महाडला जावे लागले. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती आम्ही आत गेल्यावर मागे दोरी बांधली जावी म्हणून नव्हे.

दुपारी आम्ही व्यवस्थापकांना भेटलो. माणूस सभ्य होता, चहा मागवला, “बघतो साहेब” म्हणाला. आम्ही आमच्या स्नेह्यांनाही सांगितले. लग्नघरात हा विषय काढणे जड गेले, पण त्यांनी शांतपणे ऐकले आणि स्वतः जाऊन पाहुण्यांच्या वतीने लेखी दिले की, आम्हाला कोणाच्याही जाण्यायेण्याचा त्रास होत नाही. संध्याकाळी दोरी सोडलेली होती. आम्ही निघून आल्यावर ती पुन्हा बांधली गेली नसेल, याची हमी आम्ही देऊ शकत नाही. म्हणून परत येताच माहितीच्या अधिकारात त्या भागाचा किनारा व्यवस्थापन नकाशा आणि हॉटेलच्या परवानगीच्या अटी मागितल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली किनाऱ्यासाठी जिल्हास्तरीय समिती असते, तिच्यावर स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत. ते कोण, हेही विचारले आहे.

बांधवांनो, तुमच्यापैकी अनेकजण आता अशा हॉटेलांत जातात, जाणार आहेत. जरूर जा, ऐटीत राहा, तो तुमचा हक्क आहे. फक्त खोलीची किल्ली घेताना एक प्रश्न काउंटरवर विचारा : गावच्या लोकांची समुद्राकडे जाण्याची वाट कुठे आहे? पाहुणे विचारू लागले की उत्तर द्यावे लागते. आणि कोणी म्हणाले की त्यांच्यामुळे पाहुण्यांना त्रास होतो, तर तिथेच सांगा, आमच्या नावावर हे खपवू नका. जयभीम!