शब्दाचे शेपूट ओळखा

आपल्या मुलांना इंग्रजी का जड जाते, याची चर्चा वस्तीत नेहमी होते. शब्द पाठ नाहीत, असे आपण म्हणतो. पण शब्द पाठ असूनही अडते. वाक्यात शब्दाचे काम बदलले की त्याचे रूप बदलते आणि ओळखीचा शब्द परका वाटू लागतो.

मराठीत हे आपण सहज करतो. शिकणे ही क्रिया, शिक्षण हे नाम, शिकवतो तो शिक्षक, शिकलेला तो शिक्षित. इंग्रजीतही अशीच शब्दांची घराणी आहेत. ‘अप्लाय’ म्हणजे अर्ज करणे. अर्ज तो ‘अ‍ॅप्लिकेशन’, अर्जदार तो ‘अ‍ॅप्लिकंट’. याच ‘अप्लाय’चा दुसरा अर्थ लागू होणे, म्हणून लागू असलेले ते ‘अ‍ॅप्लिकेबल’. फॉर्ममध्ये आपण ‘एन. ए.’ लिहितो, ते ‘नॉट अ‍ॅप्लिकेबल’, म्हणजे आम्हांस लागू नाही.

कारकुनी करताना मला सर्वांत जास्त घोळ दिसतो तो ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’ या जोडीत. ‘एम्प्लॉय’ म्हणजे कामावर ठेवणे. शेवटी ‘ईआर’ आला की ठेवणारा, म्हणजे मालक. शेवटी दोन ‘ई’ आले की ज्याला ठेवले तो, म्हणजे कामगार. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर कामगाराने मालकाच्या रकान्यात सही केली की कागद परत येतो आणि एका दिवसाचा खाडा होतो.

हे दोन ‘ई’ लक्षात ठेवले तर पुष्कळ कागद उलगडतात. चेकवरचा ‘पेयी’ म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो. ‘नॉमिनी’ म्हणजे ज्याचे नाव नेमले ती व्यक्ती, आणि नेमणे ते ‘नॉमिनेट’. मात्र प्रत्येक ठिकाणी हा नियम चालत नाही. ‘गॅरंटी’च्या शेवटीही दोन ‘ई’ आहेत, पण ती म्हणजे हमी. हमी देणारा तो ‘गॅरंटर’. पतपेढीच्या कागदावर ‘गॅरंटर’ या शब्दाखाली सही करणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे, की कर्जदाराने हप्ते थकवले तर वसुली आपल्याकडूनही होऊ शकते.

हे शेपूट आले कोठून? 1066 साली फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे कोर्टकचेरीत फ्रेंच भाषा चालू लागली आणि दोन ‘ई’ त्या भाषेतून कायद्याच्या कागदांत शिरले. सामान्य माणसाला ती भाषा कळत नाही, म्हणून कोर्टातील कामकाज इंग्रजीत बोलावे, असा कायदा 1362 साली करावा लागला. सरकारी भाषा न समजल्याने होणारे हाल इंग्रजांच्या पूर्वजांनीही सोसले आहेत.

मुलाखतीत आपली मुले आणखी एका ठिकाणी अडखळतात. ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ असे म्हणतात. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे दुसऱ्याला गोडी लावणारा. स्वतःला गोडी वाटते तेव्हा ‘इंटरेस्टेड’ म्हणावे. तसेच ‘सक्सेस’ हे नाम आहे. यशस्वी होणे ते ‘सक्सीड’ आणि यशस्वी तो ‘सक्सेसफुल’. ‘आय सक्सेस’ असे वाक्य होत नाही. सल्ला हे नाम ‘सी’ने लिहितात व उच्चार ‘अ‍ॅडव्हाइस’. सल्ला देणे हे क्रियापद ‘एस’ने लिहितात व उच्चार ‘अ‍ॅडव्हाइज’. ‘रिक्वेस्ट’ मात्र विनंतीही आणि विनंती करणेही. रूप तेच राहते.

उपाय खर्चाचा नाही. एका साध्या वहीत चार रकाने आखावेत : क्रियापद, नाम, व्यक्ती, विशेषण. रोज एक शब्द घ्यावा आणि डिक्शनरी पाहून त्याचे घराणे भरावे. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा. ओढूनताणून शब्द बनवू नये. घरात येणारे वीजबिल, बँकेचे पासबुक, पगाराची पावती यांतूनच शब्द निवडावेत. आईवडिलांना इंग्रजी येत नसेल तरी त्यांनी रात्री वही मागून पाहावी आणि मुलाकडून एकेका शब्दाचा अर्थ मराठीत सांगून घ्यावा. दोन महिन्यांत साठ घराणी होतील, आणि पुढचा फॉर्म भरायला दुसऱ्याच्या दारात जावे लागणार नाही.