डॅनबरीचा मसुदा व त्रिपोलीचा तह : अमेरिकेतील एका धर्मविषयक वादाची साधने

अस्सल कागद, त्याची नक्कल आणि नकलेवरून छापलेला पाठ ह्या तिहींत किती अंतर पडू शकते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. परंतु अशा अंतरावर एखाद्या राष्ट्राचा चालू कायदा अवलंबून असावा, असा योग विरळा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो आलेला आहे. राष्ट्राच्या संस्थापकांना ख्रिस्ती राज्य अभिप्रेत होते की धर्माहून अलिप्त राज्य, हा तेथील दोन पक्षांचा जुना तंटा आहे. दोन्ही पक्ष कागद पुढे करितात. म्हणून कागदांचीच तपासणी करणे आम्हांस इष्ट वाटते.

पहिला कागद टॉमस जेफर्सन ह्याचा. कनेक्टिकट संस्थानात त्या वेळी काँग्रिगेशनल पंथास राजाश्रय होता व तो १८१८ पर्यंत टिकला. त्या पंथाच्या करातून सूट हवी असल्यास बॅप्टिस्ट लोकांना दाखला सादर करावा लागे. डॅनबरी येथील बॅप्टिस्ट मंडळाने ७ ऑक्टोबर १८०१ रोजी अध्यक्ष जेफर्सन ह्यास पत्र लिहिले. आपले धर्मस्वातंत्र्य हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून मिळते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. जेफर्सनने १ जानेवारी १८०२ रोजी उत्तर धाडिले. धर्मसंस्था व राज्य ह्यांच्यामध्ये भिंत उभारली गेल्याची प्रसिद्ध उपमा ह्याच उत्तरातील होय.

ह्या उत्तराचा मसुदा वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेला आहे. त्यात बरीच खोडाखोड असून काही शब्द शाईने पार बुजविलेले होते. १९९८ साली ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाचे प्रमुख जेम्स हट्सन ह्यांनी तो एफ. बी. आय. ह्या केंद्रीय अन्वेषण खात्याच्या प्रयोगशाळेकडे सोपविला, व शाईखालील अक्षरे वाचता आली. पंचवीस ओळींपैकी सात ओळी गाळल्या होत्या. भिंतीमागील ‘चिरंतन’ ह्या अर्थाचा शब्दही अंतिम पत्रात उतरला नाही. गाळलेल्या भागात, आपण उपवासाचे व ईश्वराच्या आभारप्रदर्शनाचे जाहीरनामे का काढीत नाही, ह्याचा खुलासा होता. तो का गाळला, हे जेफर्सनने स्वतः डाव्या समासात लिहून ठेविले आहे : पूर्वेकडील संस्थानांत असे जाहीरनामे काढण्याची जुनी रीत असून तेथील आपल्या पक्षाच्या मित्रांस हा मजकूर खुपेल, असे त्याला सुचविण्यात आले होते. मसुदा त्याने आधी आपल्या सरकारातील न्यू इंग्लंडच्या दोघांस दाखविला होता. त्यांपैकी लेव्ही लिंकन ह्याचा सल्ला त्याने मानला.

ह्यावरून हट्सन ह्यांनी असे प्रतिपादिले की, हे पत्र मुख्यतः राजकीय हेतूचे आहे; त्यास घटनेच्या भाष्याचे मोल देऊ नये. पत्र धाडल्यावर दोनच दिवसांनी, ३ जानेवारीस, जेफर्सन प्रतिनिधिसभेच्या दालनात भरलेल्या प्रार्थनेस हजर होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. उलटपक्षी अनेक विद्वानांनी आक्षेप घेतला की, जेफर्सनने लिंकन ह्यास लिहिताना, अशा उत्तरांतून आपण उपयुक्त तत्त्वे पेरू इच्छितो, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्यास हरकत नाही. मुत्सद्द्याचे पत्र हेतुपूर्वक लिहिलेले असते, म्हणून ते खोटे ठरत नाही.

आता छापील पाठाची गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली रेनॉल्ड्स खटल्यात हे पत्र उद्धृत केले, ते मूळ कागदावरून नव्हे, तर एका छापील संग्रहावरून. मुळात सरकारच्या ‘न्याय्य’ अधिकारांचा उल्लेख आहे. संग्रहात, व म्हणून निवाड्यातही, ‘कायदेविषयक’ अधिकार असा शब्द पडला. इंग्रजीत हे दोन शब्द दिसण्यात जवळचे आहेत. १९४७ च्या एव्हरसन खटल्यात भिंतीची उपमा पुन्हा आधारास घेतली गेली आणि ती कायद्यात रुजली. १९८५ साली न्यायमूर्ती रेन्क्विस्ट ह्यांनी आपल्या भिन्नमतपत्रात तिच्यावर कडक टीका केली.

दुसरा कागद त्रिपोलीच्या तहाचा. संयुक्त संस्थानांचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर स्थापिलेले नाही, असे त्याच्या अकराव्या कलमात म्हटले आहे. अलिप्ततेच्या पक्षाचे हे आवडते अस्त्र. परंतु डच अरबीपंडित स्नूक हुर्खोन्ये ह्यांनी विसाव्या शतकात अरबी मूळ तपासले, तेव्हा त्या जागी असे कलमच नसून अल्जियर्सच्या देयाचे एक पत्र असल्याचे दिसले. मग हे कलम निरर्थक काय? तसेही नव्हे. सेनेटने १७९७ च्या जूनमध्ये जो तह एकमताने संमत केला व अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स ह्याने सहीने मान्य केला, तो जोएल बार्लो ह्याचा इंग्रजी तर्जुमा असून त्यात हे कलम होते. तेव्हा त्रिपोलीकरांनी काय मान्य केले ह्यास हा कागद पुरावा नाही. सेनेटने काय मान्य केले ह्यास आहे. मात्र १८०५ च्या नव्या तहात हे वाक्य राहिले नाही, हेही सांगितले पाहिजे.

तोडलेल्या अवतरणांचा दोष दोहोंकडे सारखाच आहे. धर्म नसता तर जग उत्तम झाले असते, हे अ‍ॅडम्सचे मत म्हणून एक पक्ष सांगतो. १९ एप्रिल १८१७ चे पत्र सबंध वाचल्यास दिसते की, असे उद्गार काढण्याचा मोह आपणास झाला, पण धर्मावाचून जग नरकच होईल, असे तो म्हणतो. दुसरा पक्ष सांगतो की, १७८७ च्या घटनापरिषदेत फ्रँक्लिनच्या सूचनेवरून प्रार्थना झाली व पेच सुटला. फ्रँक्लिनच्या स्वतःच्या टिपणात मात्र, तीन-चार जण सोडून कोणासही प्रार्थनेची गरज वाटली नाही, असे नमूद आहे. प्रार्थनेची कथा १८२५ च्या एका ऐकीव पत्रातून पसरली. बखर आणि समकालीन पत्र ह्यांतला जो भेद आपण जाणतो, तोच हा.

हा वाद केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. २०२२ च्या केनेडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुनी कसोटी सोडून इतिहास व प्रघात ह्यांकडे पाहावे असे ठरविले. २०२४ साली लुइझियाना संस्थानाने शाळांच्या वर्गांत दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला, आणि सोबत त्यांच्या शैक्षणिक इतिहासाचे निवेदनही लावावे असे फर्माविले. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यात आली. ज्या मुलाचा धर्म निराळा, त्याने भिंतीवर काय वाचावे, हे अशा प्रकारे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदांच्या वाचनावर ठरू पाहत आहे.

डॅनबरीचे अर्जदार निधर्मी नव्हते. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते, व श्रद्धेच्याच रक्षणार्थ त्यांना राज्याचा हात दूर हवा होता. आजच्या दोन्ही पक्षांच्या साच्यांत ते बसत नाहीत. कागद सबंध वाचला, समासासह वाचला, तर एवढे तरी हाती लागते. म्हणून आमची संग्राहकांस विनंती आहे की, खोडलेली ओळ निरुपयोगी मानून नक्कल करताना ती वगळू नये. लिहिणाऱ्याने काय ठेविले ह्याइतकेच, काय काढिले व का काढिले, हेही इतिहासाचे साधन होय.