औषध आहे, पण कुठल्या कपाटात?

चार रात्री झोप नाही, डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते. वय बावीस. राहणार जासई, तालुका उरण. दिवसा एका कंटेनर यार्डात नोंदी करण्याचे काम, रात्री लॅपटॉपवर पायथन शिकणे. रक्तदाब ठीक, चष्म्याचा नंबर ठीक, ताप नाही. रात्री जागून करतोस तरी काय, असे विचारल्यावर त्याने मोबाइलमधला फोटो पुढे केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन संदेश होते. वरचा सांगत होता, पांडाज ही लायब्ररी आधीच बसवलेली आहे. खालचा सांगत होता, पांडाज नावाचे मॉड्यूल सापडत नाही.

‘डॉक्टर, लॅपटॉप एकच. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. खोटं कोण बोलतंय?’

खोटे कोणीच बोलत नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि सगळा घोळ त्या ‘जागी’ या शब्दातच होता.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. एक कारण असे की वैद्यकाचा बराच कारभार आता या साधनांवर चालतो. आमचे निवासी डॉक्टर प्रबंधासाठी जमवलेली रुग्णांची आकडेवारी पायथन किंवा ‘आर’ या भाषांत तपासतात. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फायली वाचणाऱ्या लायब्रऱ्याही त्यातच आहेत. त्यामुळे ‘लायब्ररी सापडत नाही’ ही तक्रार रुग्णालयाच्या ग्रंथालयात, तिथल्या सामायिक संगणकासमोर, मी नेहमी ऐकतो. दुसरे कारण हा मुलगाच. त्याने ती लायब्ररी चार रात्रींत सात वेळा काढून सात वेळा बसवली होती आणि शेवटी ‘हे आपल्यासारख्यांचं काम नाही’ असे ठरवून टाकले होते. डोळ्यांच्या चुरचुरीपेक्षा मला त्या वाक्याची काळजी अधिक वाटली.

जासई म्हणजे दि. बा. पाटलांचे गाव. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये याच परिसरात शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. पुढे मे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. (योगायोग असा की, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, नेदरलँड्समध्ये गुइडो व्हान रॉसम यांनी पायथन भाषा लिहायला घेतली.) भातशेती आणि मिठागरे गेलेल्या या पट्ट्यातली आजची मुले बंदरावर, गोदामांत, यार्डांत काम करतात आणि त्यांतली बरीच जण रात्री काही तरी नवे शिकत असतात. त्यांनी दोन ओळींच्या संदेशापुढे हात टेकावेत हे मला पटत नाही. विशेषतः दोष त्यांचा नसताना.

आता घोळ नेमका काय, ते पाहू. सरकारी रुग्णालयात औषधांचे एक मुख्य भांडार असते. वॉर्डातून इंडेंट गेला की औषध निघते आणि वॉर्डबॉय ते वॉर्डातल्या कपाटात नेऊन ठेवतो. समजा पाच नंबरच्या वॉर्डातल्या सिस्टरना एक इंजेक्शन हवे आहे आणि वॉर्डबॉयने ते तीन नंबरच्या कपाटात ठेवले. सिस्टर आपले कपाट उघडून म्हणतात, नाही. वॉर्डबॉय म्हणतो, कपाटात आहे, मीच ठेवले. पुन्हा इंडेंट भरला तरी तो तीन नंबरचेच कपाट उघडून पाहतो आणि म्हणतो, आहे की!

संगणकातही हेच होते. इंटरनेटवरचे भांडार म्हणजे पायपीआय. तिथून लायब्ररी आणणारा वॉर्डबॉय म्हणजे पिप. आणि वॉर्ड म्हणजे पायथन. नवशिक्याला वाटते, आपल्या लॅपटॉपवर पायथन एकच आहे. बहुधा तसे नसते. एक मूळ संकेतस्थळावरून उतरवलेला, एक मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून आलेला, एक अ‍ॅनाकोंडाबरोबर आलेला. लिनक्स असेल तर त्याचा स्वतःचा आणखी एक. प्रत्येकाचे कपाट वेगळे. त्या फोल्डरला ‘साइट-पॅकेजेस’ म्हणतात. इतकेच काय, एकाच पायथनच्या ३.११ आणि ३.१२ या आवृत्त्यांची कपाटेही वेगळी, आणि एकातले औषध दुसऱ्याला दिसत नाही. ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे, कारण एका आवृत्तीसाठी घडवलेली लायब्ररी दुसरीत चालेलच असे नाही.

आमच्या या मुलाच्या लॅपटॉपवर कॉलेजच्या प्रकल्पासाठी पूर्वी घातलेला अ‍ॅनाकोंडा होता. त्यात पांडाज आधीपासून असतेच. नव्या क्लासमध्ये सांगितले म्हणून त्याने दुसरा पायथन उतरवला. पिप ही आज्ञा जुन्याकडे जात होती आणि त्याचा कार्यक्रम चालवत होता नवा. सातही वेळा औषध तीन नंबरच्याच कपाटात गेले.

उतार पडत नाही म्हणून डोस वाढवत जाणारे रुग्ण आम्ही रोज पाहतो. पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणे त्याच जातीचे. आधी निदान हवे, आणि इथे निदानाला दोन मिनिटे पुरतात. (आज्ञा मी देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत, छोट्या लिपीत.) टर्मिनलमध्ये ‘पिप’ लिहून जागा सोडा, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून ‘व्हर्जन’ असे लिहा. उत्तराच्या ओळीत पिपचा क्रमांक येतो, त्याच्यापुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि शेवटी कंसात पायथनची आवृत्ती. वॉर्डबॉय कोणत्या वॉर्डाचा आहे ते कळले. आता जो कार्यक्रम अडतो आहे त्याच्या अगदी वर दोन ओळी घाला: ‘इम्पोर्ट सिस’, आणि खाली ‘प्रिंट’ लिहून कंसात ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’. कार्यक्रम कोणता पायथन चालवतो आहे त्याचा पत्ता छापून येईल. दोन्ही पत्ते शेजारी ठेवा. बहुतेक वेळा ते जुळत नाहीत, आणि तिथेच केस सुटते.

‘आधीच बसवलेली आहे’ या संदेशातही लायब्ररीच्या नावापुढे फोल्डरचा पत्ता छापलेला असतो. तो कोणी वाचत नाही. रक्ताच्या अहवालात नातेवाईक फक्त ठळक आकडा पाहतात, तसेच.

उपचार साधा आहे. नुसते ‘पिप इन्स्टॉल’ म्हणायचे नाही. ‘पायथन’, मग ‘-एम’, मग ‘पिप इन्स्टॉल’ आणि लायब्ररीचे नाव, अशा क्रमाने लिहायचे. याचा अर्थ, ‘या पायथनचा जो पिप असेल त्यानेच आणून द्यावे.’ विंडोजवर ‘पाय’ या छोट्या आज्ञेपुढे दोन रेघा आणि ‘लिस्ट’ लिहिले की तिला ठाऊक असलेल्या पायथनांची यादी मिळते. ज्या एडिटरमध्ये कार्यक्रम लिहिता, तिथे कोणता पायथन निवडला आहे हेही पाहावे. व्हीएस कोडमध्ये ते खालच्या पट्टीत उजवीकडे दिसते, तिथे क्लिक करून बदलता येते. ज्युपिटर नोटबुक वापरणाऱ्यांनी नोटबुकच्या आतच, टक्क्याचे चिन्ह लावून पिपची आज्ञा द्यावी, म्हणजे ती चालू असलेल्या कर्नललाच लागू होते.

दर वेळी कारण हेच असते असे नाही. लक्षण एक आणि आजार वेगळा, हा प्रकार इथेही आहे. औषधाला दुकानात एक नाव आणि पुस्तकात दुसरे असते. क्रोसिन मागतो पण आत पॅरासिटामॉल असते. तसे बसवताना ‘सायकिट-लर्न’ म्हणायचे, पण कार्यक्रमात ‘एसकेलर्न’. बसवताना ‘पिलो’, बोलावताना ‘पीआयएल’. बसवताना ‘ओपनसीव्ही-पायथन’, बोलावताना ‘सीव्ही२’. बसवताना अक्षरे मोठी की छोटी याने फरक पडत नाही, बोलावताना पडतो. हे तर्काने कळण्यासारखे नाही, लायब्ररीच्या माहितीपानावर पाहूनच घ्यावे लागते.

आणखी एक गमतीचा आजार. विद्यार्थी पांडाज शिकायला बसतो आणि आपल्या पहिल्या फाइललाच ‘पांडाज’ नाव देतो. पायथन लायब्ररी शोधताना आधी कार्यक्रम ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे पाहतो, तिथे त्या नावाची फाइल सापडते, आणि शोध थांबतो. खरी पांडाज कपाटात तशीच राहते. यात संदेश थोडा वेगळा येतो: मॉड्यूल सापडते, पण त्यात अमुक गोष्ट नाही, अशी तक्रार असते. फाइलचे नाव बदलले की आजार बरा. पायथनबरोबर येणाऱ्या मूळ मॉड्यूलांच्या नावाची फाइल केली असेल, तर ३.१३ आवृत्तीपासून पायथन स्वतःच नाव बदलून पाहण्याचे सुचवतो. मला हे विशेष आवडले. अहवालाखाली पॅथॉलॉजिस्टने एक ओळ लिहावी तसे.

रुग्णालयातल्या सामायिक संगणकावर ‘आर’ भाषेचा हाच घोळ वेगळ्या वेषात येतो. एक निवासी डॉक्टर आपल्या लॉगिनमधून पॅकेज बसवतो, ते त्याच्या वैयक्तिक फोल्डरमध्ये जाते. दुसरी डॉक्टर तिच्या लॉगिनने बसते आणि तिला ते दिसत नाही. आर ४.२ वरून ४.३ वर गेले की वैयक्तिक फोल्डरही नवे, म्हणजे काल चालणारा प्रबंधाचा हिशोब आज अडतो. तिथे ‘लिबपाथ्स’ हे फंक्शन शोधाच्या जागा सांगते. नावाच्या आधी टिंब आहे, ते विसरू नये.

एवढी कटकट टाळायची तर प्रत्येक कामाला स्वतंत्र कपाट करावे. पायथनमध्ये ‘व्हेन्व’ ही सोय त्यासाठीच आहे. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ती सोबतच येते. प्रबंधाचे एक, क्लासचे एक. एकातले बिघडले तर ते फोल्डर पुसून नवे करायचे, बाकीच्यांना संसर्ग नाही. टर्मिनल नव्याने उघडल्यावर ते कपाट पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करावे लागते, हे मात्र नवशिके हमखास विसरतात आणि काल चालले ते आज का चालत नाही म्हणून डोके धरून बसतात. डेबियन लिनक्सने तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही घालायला नकारच द्यायला सुरुवात केली. नकार ओलांडायचा पर्यायही ठेवला आहे, पण त्याचे नाव ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. औषधाच्या पाकिटावर कवटी छापावी तसे. तरी लोक तो वापरतात.

आता धोक्याचे. अडलेला माणूस हाताला लागेल ते घेतो. डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवरून दोन बनावट लायब्रऱ्या काढून टाकण्यात आल्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘जेलीफिश’ या खऱ्या लायब्ररीसारखेच दिसे, फक्त इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ होता. पडद्यावर दोन्ही उभ्या रेघाच. ती सुमारे वर्षभर तिथे होती आणि वापरणाऱ्याच्या गुप्त किल्ल्या चोरणारा मजकूर तिच्याशी जोडलेला होता. आता चॅटबॉट कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्रऱ्यांची नावे ठामपणे सुचवतात आणि त्या नावाने कोणीही काहीही टाकून ठेवू शकतो. ज्या संगणकावर रुग्णांची माहिती आहे, तिथे ‘हे करून बघू, ते करून बघू’ चालणार नाही. नाव माहितीपानावरून तपासूनच घ्यावे.

डोळ्यांबद्दल थोडक्यात: पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुर होते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. रात्री एक वाजता न सुटलेली चूक सकाळी सुटण्याचा संभव जास्त. मुलाला मी डोळ्यांत घालायचे थेंब दिले आणि कागदावर वरच्या दोन आज्ञा लिहून दिल्या.

मराठीतून शिकायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे धडे मोफत देतो.

आणि कोणाला मदत मागायचीच असेल तर केसपेपर नीट करून मागावी. ‘पांडाज चालत नाही’ हे ‘पोटात दुखतं’ इतकेच मोघम आहे. त्रुटीचा संदेश पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मजकूर म्हणून कॉपी करून द्यावा, मोबाइलने काढलेला अर्धवट फोटो नको. सोबत पिपच्या आवृत्तीची ओळ, सिस डॉट एक्झिक्युटेबलने छापलेला पत्ता, विंडोज की लिनक्स की मॅक, आणि कार्यक्रम कुठून चालवला: टर्मिनल, एडिटर की नोटबुक. आतापर्यंत काय काय करून पाहिले तेही, लाजेखातर काही न लपवता.