घोड्यावरचा राजा

खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत १६६१ साली शिवरायांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली. विजय मिळवून दिला तो दाट झाडीने, अरुंद वाटेने आणि दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी, घोडदौडीने नव्हे. तरीही महाराज म्हटले की डोळ्यांपुढे घोडाच उभा राहतो. कारण चित्रातला घोडा ही लढाईची नोंद नसते, ती सत्तेची खूण असते. कोणी म्हणेल, मराठे घोड्यावरूनच मुलूख मारत. चित्रकाराने दिसले ते काढले. हे खरे, पण अपुरे. इटालियन प्रवासी मनुचीने चित्रकार मीर मुहम्मदकडून काढवून घेतलेले, आज पॅरिसमध्ये असलेले सतराव्या शतकातले चित्र पाहा. राजा घोड्यावर, भोवतीचे शिपाई पायी. उंचीतला तो फरकच हुकूम कोणाचा हे सांगतो. रोममधल्या पुतळ्यातला सम्राट मार्कस ऑरेलियसही घोड्यावरून नुसता हात पुढे करतो, हाती शस्त्र नाही.

सासवण्याचे शिल्पकार विनायक करमरकर यांनी हे मर्म नेमके ओळखले. राजर्षी शाहूंच्या पुढाकारातून साकारलेल्या त्यांच्या पुण्यातल्या ब्राँझच्या पुतळ्यात उसळते बळ घोड्याचे आहे, स्वार मात्र शांत. १९२८ साली, इंग्रजी अमलात, स्वराज्याचा धनी असा भर पुण्यात उभा राहिला. करमरकरांचे अलिबागजवळचे घर आज शिल्पालय आहे. ते आवर्जून पाहावे.