डुप्लेक्सची वाटणी : भिंत बांधली, मालकी वेगळी झाली का?

वऱ्हाडातील घरबांधणीच्या जाहिरातींत 'डुप्लेक्स' हा शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंना लावला जातो. एकाच भूखंडावर मधली भिंत सामाईक ठेवून शेजारी-शेजारी उभी केलेली दोन घरे हा एक प्रकार. तळमजला आणि पहिला मजला आतल्या जिन्याने जोडलेले एकच घर हा दुसरा. अकोला, अमरावतीप्रमाणेच मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावीही हे दोन्ही प्रकार त्याच नावाने विकले जातात. राहणाऱ्याच्या दृष्टीने फरक फारसा नसेल. पण वाटणीची वेळ आली की या फरकावरच सारे काही ठरते. पहिल्या घराची वाटणी उभी होते, दुसऱ्याची आडवी.

उभी वाटणी तुलनेने सोपी. प्रत्येकाच्या वाट्याला घराबरोबर त्याखालची जमीनही येते. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जमिनीचे उपविभाजन हाही 'विकास'च मानला जातो, आणि त्यासाठी नगर परिषदेची परवानगी लागते. दोन्ही तुकड्यांना रस्त्यावर स्वतंत्र तोंड आहे काय, सोडावयाची मोकळी जागा उरते काय, क्षेत्र नियमातील किमान मर्यादेपेक्षा कमी तर होत नाही, हे २०२० मध्ये लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे तपासले जाते. परवानगीनंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते. दोन स्वतंत्र आखीव पत्रिका तयार झाल्या म्हणजे मगच दोन मिळकती झाल्या असे म्हणता येते. रुंदीने अरुंद आणि खोलीने लांब अशा जुन्या वस्तीतील भूखंडांचे गाडे बहुधा रस्त्याच्या तोंडापाशीच अडते.

आडव्या वाटणीत जमीन विभागलीच जात नाही. धाकट्याला वरचा मजला आणि थोरल्याला खालचा, असे चार नातेवाइकांच्या साक्षीने ठरते. आतला जिना बंद करून बाहेरून लोखंडी जिना बसविला जातो, महावितरणकडून दुसरे मीटर येते आणि वाटणी झाली असे सर्वांना वाटू लागते. प्रत्यक्षात कायद्याच्या दृष्टीने तो केवळ वहिवाटीचा सोयीस्कर करार असतो. नगर परिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत दोन नावांनी दोन मालमत्ता क्रमांक पडले तरी स्थिती बदलत नाही, कारण ती नोंद कर वसूल करण्यासाठी असते. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० चे नाव अशा वेळी पुढे केले जाते. पण त्याची रचना अनेक सदनिकांच्या इमारतींसाठी आहे, दोन भावांच्या घराला ती बसत नाही.

उरतो तो नोंदणीकृत वाटणीपत्राचा मार्ग. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार स्थावर मिळकतीचे वाटणीपत्र नोंदवावेच लागते. पूर्वीच तोंडी झालेल्या कौटुंबिक व्यवस्थेची केवळ आठवण म्हणून लिहिलेल्या टिपणाला नोंदणीची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये काळे खटल्यात स्पष्ट केले आहे. तथापि अशा टिपणाच्या आधारे बँक कर्ज देईल वा गिऱ्हाईक पूर्ण किंमत मोजेल, ही अपेक्षा धरू नये. मुद्रांक शुल्काबाबत एक गोष्ट फारशी माहीत नसते. सर्वांत मोठा हिस्सा मूळ मिळकत समजला जातो आणि त्यातून वेगळ्या झालेल्या बाकीच्या हिश्श्यांवरच शुल्क आकारले जाते.

वाटणीपत्रात काय लिहावे, याचा विचार वऱ्हाडच्या माती-उन्हाच्या संदर्भात करावा लागतो. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. स्लॅबखालचा वरचा मजला तापतो, तेव्हा समान क्षेत्रफळ म्हणजे समान मूल्य नव्हे; फरक रोखीने भरून काढणे हेच न्याय्य. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे देते. पाया खालच्याच्या अंगणात असला तरी तो पेलतो दोघांचे घर. त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणी किती करावयाचा हे आधीच ठरलेले बरे. पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यातल्या भागात गोड्या पाण्याची टाकी ही बोअरपेक्षा मोलाची असते, म्हणून टाकीचा हक्कही नोंदवावा. गच्ची कोणाची, भविष्यात आणखी मजला चढविण्याचा अधिकार कोणाचा, सेप्टिक टँक कोणी उपसावयाचा, आणि उद्या घर पाडावे लागले तर जमिनीतील हिस्सा किती, ही कलमे वकिलांच्या छापील नमुन्यात नसतात. भांडणे मात्र नेमकी त्यांवरच होतात.

भूखंड नझूलचा असेल तर आणखी एक पायरी वाढते. विदर्भातील शहरांत सरकारी पट्ट्याच्या जमिनीवर उभी असलेली घरे पुष्कळ आहेत. पट्ट्याची मुदत व अटी तपासल्याशिवाय वाटणी वा विक्री करू नये. अशा जमिनी भोगवटादार वर्ग एकमध्ये रूपांतरित करण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये नियम केले आहेत.

बहिणींचा प्रश्न टाळून केलेली वाटणी टिकत नाही. राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्री-वारसांना मज्जाव करणारे हिंदू वारसा कायद्यातील कलम २३ हे ९ सप्टेंबर २००५ पासून वगळले गेले आहे. दोघा भावांनीच सह्या केलेले वाटणीपत्र पुढे बहिणीच्या दाव्याने उलटू शकते. गुंतवणूकदाराने विक्रेत्याच्या घरातील मुलींची नावे आधी विचारावीत, हे ऐकण्यास रुक्ष वाटले तरी व्यवहार्य आहे.

एकमत होत नसेल तर दिवाणी न्यायालय उरते. घराचे सोयीस्कर तुकडे पडत नसतील, तर निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या मालकांच्या विनंतीवरून न्यायालय १८९३ च्या वाटणी कायद्याखाली विक्रीचा आदेश देऊ शकते. दुसऱ्या हिस्सेदारास मूल्यांकनाच्या किमतीस तो हिस्सा घेण्याची संधी असते. येथेच स्वस्तात मिळणाऱ्या 'अर्ध्या डुप्लेक्स'चा धोका आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्यास त्या घरात संयुक्त ताबा मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर कुटुंबातील व्यक्ती त्याचा हिस्सा मूल्यांकनाने विकत घेऊ शकते. पैसा अडकतो, किल्ली मात्र हाती येत नाही.

भाड्याचा हिशेबही नीट मांडावा. समजा, वाटणी झालेल्या घराची किंमत ४० लाख आणि मासिक भाडे ८ हजार रुपये. वर्षाचे ९६ हजार म्हणजे जेमतेम २.४ टक्के. त्यातून मालमत्ता कर, रंगरंगोटी आणि रिकामे महिने वजा जातात. हे आकडे केवळ उदाहरणाचे. पण लहान गावी भाडेकरू म्हणजे मुख्यतः रेल्वे, बँक आणि शाळांतील बदलीची मंडळी, तेव्हा गणित याच सुमारास राहते. मूर्तिजापुरात डुप्लेक्स घ्यावयाचे ते किमतीच्या वाढीच्या आशेवर, आणि ती वाढ स्वतंत्र आखीव पत्रिका असलेल्या घरालाच पुरेपूर मिळते. भाड्याने देताना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, जबाबदारी मालकाची. विकताना, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीस दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, अथवा महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के कर, यांतील सोयीचा पर्याय निवडता येतो. वाटणीने मिळालेल्या घराची मूळ खरेदी किंमत कागदावर जपून ठेवण्याचे कारण हेच.